आधी दार बघ: सिस्ट बघणाऱ्या भाचीसाठी आत्याचे कानमंत्र

पोरी, तुझा निरोप पोचला. मायक्रोस्कोप मिळाला, स्लाइड्सची पेटी मिळाली, आणि पहिल्याच स्लाइडमध्ये काटेरी गोळे दिसताच तू विचारलंस, यांची नावं कुठल्या पुस्तकात बघू? इतकी कसली घाई? तुझ्या नमुन्यातल्या सिस्ट पाच कोटी वर्षं बिननावाच्या पडून होत्या, आणखी चार दिवसांनी त्यांचं काही बिघडत नाही. या कामात नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी बघायचं, मग काढायचं, मग लिहायचं. एवढं धीराने केलंस की नाव बहुतेक वेळा आपणच समोर येऊन उभं राहतं.

घरात कुणी विचारलं की तू नक्की करतेस काय, तर एवढं सांग. डायनोफ्लॅजेलेट हे पाण्यात राहणारे एकपेशीय जीव, दोन शेपट्यांच्या जोरावर गरगरत पोहणारे. त्यांच्यातले काही आयुष्याच्या एका टप्प्यावर जाड भिंतीचा कोश करतात आणि तळाच्या गाळात जाऊन झोपतात. हीच सिस्ट. बरे दिवस आले की कोशाला दार पडतं, पेशी बाहेर निघून जाते आणि रिकामं टरफल गाळात राहतं. त्याची भिंत इतकी चिवट की खडक आम्लात विरघळला तरी ती विरघळत नाही. आकार साधारण २० ते १५० मायक्रॉन. आज जिवंत असलेल्या जातींपैकी असा टिकाऊ कोश करणाऱ्या १५ टक्क्यांच्या आसपासच आहेत. कोकणात रात्री लाट निळी चमकते ती ज्या नॉक्टिल्युकामुळे, तीही याच गोतावळ्यातली. पण ती असा कोश मागे ठेवत नाही, तेव्हा खडकात तिला शोधत बसू नकोस.

आणि कुणी याचा उपयोग विचारला, तर सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीचं नाव घे. तिथे इओसीन काळातल्या सस्तन प्राण्यांची, वटवाघळांचीसुद्धा, हाडं सापडली. त्या थरांचं वय ठरवायला ज्या गोष्टी कामी आल्या त्यात या सिस्टही होत्या. विचारणारे तेवढ्यावर गप्प बसतात.

स्लाइड होईपर्यंत

हे काम तुझे प्रयोगशाळेतले लोक शिकवतीलच. मी फक्त जिथे नड येते तेवढंच सांगते.

१. खडकाचा वरचा थर खरवडून टाक आणि मगच फोड – कालच्या वाऱ्याने आलेला परागकण इओसीनचा म्हणून मोजला गेला की पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो.

२. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, मग हायड्रोफ्लोरिक, आणि मध्ये भरपूर पाण्याने धुणं – खडकातला चुना उरला तर फ्लुओराइडचा असा चिवट गाळ बसतो की सिस्ट त्यात गाडल्या जातात.

३. हायड्रोफ्लोरिक आम्लाजवळ एकटी जाऊ नकोस, फ्यूम कपाटाबाहेर बाटली उघडू नकोस, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेव – हे आम्ल कातडीवर पडल्यावर लगेच दुखेलच असं नाही, आत शिरून मग आपला गुण दाखवतं. बाकी सगळीकडे आत्या लाड करेल, इथे नाही.

४. नायट्रिक आम्लाचा हात आखडता ठेव आणि थोडा गाळ त्याशिवायच बाजूला काढ – तपकिरी, पातळ भिंतीच्या पेरिडिनिऑइड सिस्ट त्यात विरून जातात, आणि मग ‘त्या समुद्रात त्या नव्हत्याच’ असं कुणीतरी छापून मोकळं होतं.

५. लायकोपोडियमच्या मोजलेल्या बीजाणूंची गोळी टाकायची असेल तर आम्ल ओतायच्या आधी टाक – वाटेत जे सांडेल ते बीजाणू आणि सिस्ट, दोघांचंही सारखंच सांडावं, तरच ग्रॅममागे सिस्ट किती हा हिशेब जुळतो.

६. चाळणी किती मायक्रॉनची वापरलीस ते त्याच दिवशी वहीत लिही – २० च्या चाळणीतून गळलेल्या बारक्या सिस्टची आठवण पुढे कुणालाच राहत नाही.

७. उरलेला गाळ फेकू नकोस, ग्लिसरीनच्या थेंबात बाटलीत ठेव – घट्ट जेलीतली सिस्ट जन्मभर एकाच कुशीवर पडून राहते; ओल्या ग्लिसरीनमधल्या सिस्टवरची काच हलकेच सरकवलीस की ती कूस बदलते आणि पलीकडची बाजू दाखवते.

बघताना

इथे मात्र मी पाय पसरून बसणार आहे.

८. सुरुवातीला काही मोजू नकोस, नुसती स्लाइडभर फिर – डोळा सरावला की तीच सिस्ट वेगळी दिसते, आणि सराव होण्याआधीची मोजणी बहुधा पुन्हा करावी लागते.

९. आधी दार बघ. सिस्टमधून पेशी जिथून बाहेर पडते त्या आर्किओपाइलची जागा आणि आकार ही या जीवाची स्वतःची खूण आहे – काटे परिस्थितीप्रमाणे बदलतात, दार सहसा बदलत नाही. काट्यांना भुलला तो जातीला मुकला, असं माझं मी म्हणून ठेवलं आहे.

दारांचे प्रकार तसे मोजकेच; दार म्हणजे पेशीच्या चिलखताच्या प्लेट्सपैकी एखादी किंवा काही. स्पिनिफेरायटिसमध्ये पाठीच्या मधोमध तिसरी प्रीसिंग्युलर प्लेट निघते. डिफ्लँड्रियामध्ये त्याच्या वरची, म्हणजे दुसरी इंटरकॅलरी प्लेट निघते. ओडोन्टोकायटिना आणि आरिओलिजेरा यांच्यात डोक्याकडचा सगळा टोपीसारखा भाग सुटतो. काहींची तर पट्ट्याच्या, म्हणजे कमरेभोवतीच्या खोबणीच्या, वरची अर्धी सिस्टच उचकटून येते. एकापेक्षा जास्त प्लेट्स मिळून सुटणारे प्रकारही आहेत, त्यांच्याकडे सरावल्यावर वळ. पहिले चार प्रकार डोळे मिटून काढता येईपर्यंत पुढचं पान उलटू नकोस.

१०. दार आणि भोक यांत गल्लत करू नकोस – दाराची कड प्लेटच्या हद्दीने जाते, तिला कोपरे असतात. फाटलेली कड वाट्टेल तशी धावते.

११. दाराची फळी, म्हणजे ऑपरक्युलम, कुठे गेली ते शोध – कधी ती सिस्टच्या आतच पडलेली असते, कधी एका बाजूने चिकटून लोंबत असते, आणि ती सुटी होते की चिकटून राहते यावरही जीनस ठरतो.

१२. ओडोन्टोकायटिनाचं शिंगवालं टोपण सुटं सापडलं तर त्याला वेगळी सिस्ट म्हणून मोजू नकोस – एकाच जिवाचे दोन तुकडे दोनदा मोजले की टक्केवारी फुगते, आणि फुगलेल्या टक्केवारीवरून कुणी ना कुणी किनाऱ्याचं अंतर काढतंच.

१३. दार दिसलं नाही तर निराश होऊ नकोस, पट्टा बघ, खाच बघ, प्लेटच्या हद्दी बघ. यातलं काहीच नसेल तर शांतपणे ‘अ‍ॅक्रिटार्क’ लिही – ती टोपली त्यासाठीच केली आहे.

त्या टोपलीचीही एक गोष्ट आहे. बर्लिनच्या एहरेनबर्गने १८३० च्या दशकात गारगोटीच्या पातळ चकत्यांमध्ये हे काटेरी गोळे पाहिले आणि गोड्या पाण्यातल्या डेस्मिड शैवालांच्या जीनसमध्ये बसवले. पुढे शंभर वर्षं आणि वर ते असेच एकत्र गोळा होत राहिले, शेवटी शेवटी ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ या नावाखाली. दिसायला काटेरी, एवढंच त्यांचं नातं. मग १९६१ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम एव्हिटने दाखवून दिलं की यातल्या पुष्कळांना डायनोफ्लॅजेलेटच्या प्लेट्सप्रमाणे बसलेले काटे आहेत आणि प्लेटच्या आकाराचं दार आहे, म्हणजे या डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत. ज्यांच्यात तसा पुरावा नव्हता त्यांच्यासाठी त्याने १९६३ मध्ये अ‍ॅक्रिटार्क हा गट सुचवला. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय. जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नसल्याचं घर बांधून दिलं.

उलट उदाहरणही लक्षात ठेव. ट्युनिशियाच्या सिल्युरियन खडकातल्या आर्पिलोरसला १९६४ पासून कितीतरी वर्षं सगळ्यात जुना डायनोफ्लॅजेलेट मानत होते, कारण त्याच्यावर प्लेट्ससारखं काही दिसत होतं. पुढे नव्याने तपासल्यावर तो संधिपाद प्राण्याचा अवशेष असावा असं मत पुढे आलं. प्लेटसारखी रेघ दिसली की आपल्याला हवं तेच दिसायला लागतं, हे त्या आर्पिलोरसकडून शिकावं.

१४. फोकस वर, मध्ये आणि खाली, अशी तीन वेगळी चित्रं काढ आणि प्रत्येकावर तसं लिही – सिस्ट पारदर्शक आहे. वरून बघताना खालची बाजू डावी-उजवी उलटून दिसते, आणि तीनही पातळ्या एकाच चित्रात मिसळल्यास तर प्लेटचे नंबर कधीच जुळणार नाहीत.

१५. पोट कोणतं आणि पाठ कोणती ते ठरवल्याशिवाय प्लेटला नंबर देऊ नकोस – सल्कसची खाच पोटाकडे असते; आरिओलिजेराच्या घरात डोक्याकडचं दार उघडलं की कडेवर ही खाच एका बाजूला सरकलेली दिसते, आणि तेवढ्यावरून दिशा कळते.

१६. काट्याचं टोक नंतर बघ, आधी त्याचं मूळ कुठे आहे ते बघ: प्लेटच्या मधोमध, कोपऱ्यावर, कडेवर, की कुठेही? – टोकं मोडतात, मुळं जागेवर राहतात.

या एका सवयीने किती भांडणं मिटतात बघ. स्पिनिफेरायटिसचे मुख्य काटे प्लेट्सच्या कोपऱ्यांवर असतात आणि त्यांना जोडणाऱ्या कडा दिसतात. अकोमोस्फेरामध्ये काटे तसेच, पण कडा नाहीत. हिस्ट्रिकोस्फेरिडियममध्ये प्लेटमागे एक काटा, पट्ट्यावरसुद्धा. ऑलिगोस्फेरिडियममध्येही प्लेटमागे एक, पण पट्टा मोकळा. आणि ऑपरक्युलोडिनियमचे काटे प्लेटची कसलीच पर्वा न करता अंगभर उगवलेले. पाच नावं, आणि टोकाकडे एकदाही बघावं लागलं नाही.

१७. प्लेट्सचा हिशेब पाठ कर, पण घोकू नकोस, काढून काढून पाठ कर – विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोफॉइडने घातलेली ही पद्धत कागदावर हात चालल्याशिवाय डोक्यात उतरत नाही.

ढोबळमानाने एवढं धर: गोनिऑलॅकॉइड घराण्यात पट्ट्याच्या वर सहा प्रीसिंग्युलर, खाली सहा पोस्टसिंग्युलर आणि तळाला एक अँटॅपिकल, पेरिडिनिऑइड घराण्यात वर सात, खाली पाच आणि तळाला दोन. म्हणून तळाकडून बघायला मिळालेली सिस्ट सोडू नकोस. शेपटीकडे एक प्लेट की दोन, एवढं कळलं तरी अर्धी वाट सरली.

१८. भिंत एक आहे की दोन, आणि दोन असतील तर त्यांच्यामध्ये पोकळी आहे का, हे कडेवर फोकस धरून बघ – मधूनच बघितलं तर आतली भिंत नुसती गडद सावली वाटते.

१९. घडी आणि पट्टा यांत फरक कर – घडी एका सिस्टवर असते, पट्टा सगळ्यांवर असतो.

२०. भिंतीवर नीटनेटके कोनदार खड्डे दिसले तर नक्षी म्हणून वर्णन करायच्या आधी पायराइटचा संशय घे – हे स्फटिक सिस्टच्या आत वाढतात, निघून जातात आणि भिंतीवर आपला ठसा ठेवून जातात.

२१. एक सिस्ट म्हणजे अफवा. निदान वीसेक बघितल्याशिवाय ‘या जातीत असं असतं’ हे वाक्य लिहू नकोस – एकीचा दोष दुसरी झाकत नाही, उलट उघडा पाडते.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांब. लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरम ही आजही जिवंत असलेली जात. तिच्या काट्यांची लांबी पाण्याच्या खारटपणाबरोबर आणि तापमानाबरोबर बदलते. कमी खारट पाण्यात काटे आखूड राहतात. काळ्या समुद्रातली आखूड काट्यांची सिस्ट आणि मोकळ्या समुद्रातली लांब काट्यांची सिस्ट शेजारी ठेवलीस तर तू बेधडक दोन जाती करशील. आहे एकच. जुन्या खडकांत असल्या किती ‘जाती’ केवळ काट्यांच्या लांबीवर उभ्या असतील, याचा विचार मनात आला की मी नव्या नावांच्या लेखाकडे चष्मा पुसून बघते. तूही तसंच कर. आखूड काटा दिसला की आधी पाण्याला विचार, मग नावं देण्याच्या संहितेला.

लिहिताना

२२. वर्णनाचा क्रम एकदा ठरव आणि मोडू नकोस: आकार, भिंती, नक्षी आणि काटे, प्लेट्स, दार, पट्टा, सल्कस, मापं – क्रम ठरलेला असला की काय बघायचं राहिलं ते रिकाम्या जागेवरून लगेच कळतं.

२३. दिसलं ते वेगळ्या वाक्यात लिही, त्यावरून काय वाटलं ते वेगळ्या वाक्यात – उद्या तुझं मत बदलेल, तेव्हा निरीक्षण तरी वापरता आलं पाहिजे.

२४. जे दिसलं नाही तेही लिही: ‘पट्ट्यावर काटे नाहीत’, ‘ऑपरक्युलम आढळलं नाही’ – वाचणाऱ्याला कळायला हवं की तू बघितलंस आणि नव्हतं, बघितलंच नाहीस, असं नको.

२५. मापं देताना सगळ्यात लहान, सरासरी, सगळ्यात मोठं, आणि किती सिस्ट मोजल्या, हे चारही दे; अंगाचं माप आणि काट्यांचं माप वेगळं ठेव – ‘सुमारे ६० मायक्रॉन’ या वाक्याचं पुढच्या माणसाने काय करायचं?

२६. डोक्याकडचं टोपण गळलेली सिस्ट मोजलीस तर तसं लिही – नाहीतर बुटक्या जातीची एक अफवा सुटते.

२७. फोटो कितीही चांगला असला तरी एक रेखाचित्र दे – फोटोत सगळंच दिसतं, रेखाचित्रात तू काय समजलीस ते दिसतं, आणि चुकलीस तर कुठे तेही.

२८. फोटोची प्रत उलटू नकोस, बाजू कापू नकोस, मोजपट्टी विसरू नकोस – डावं-उजवं बदललेली सिस्ट जगात नसते, छापील पानावर मात्र असते.

२९. शब्द शब्दकोशातले वापर, कवितेतले नकोत – एव्हिट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परिभाषेचा पाया घातला, नंतरची मोठी परिभाषासूचीही आहे. ‘सुंदर जाळीदार’ म्हटलंस तर कुणालाही काहीही दिसू शकतं.

नाव देताना

नाव द्यायची हौस प्रत्येकाला असते. तुला नसेल असं म्हटलंस तर मी विश्वास ठेवणार नाही.

३०. नवं नाव सुचण्याआधी लेंटिन आणि विल्यम्स यांची सूची उघड – १९७३ मध्ये ती पहिल्यांदा निघाली, नंतर आवृत्त्या निघत गेल्या, आता डायनोफ्लाज नावाने संगणकावरही आहे. तुला ‘नवी’ वाटलेली जात तिथे बहुधा आधीच बसलेली असते.

३१. जुना ग्रंथ वाचताना त्यातली नावं आजच्या नावांशी जुळवून वहीत लिही – मँटेलने १८५० मध्ये स्पिनिफेरायटिस नाव दिलं होतं, पण ते विस्मरणात गेलं आणि दशकानुदशकं लोक हिस्ट्रिकोस्फेरा लिहीत राहिले. १९७० मध्ये सार्जंटने जुनं नाव परत आणलं. त्यामधल्या काळातली पुस्तकं आजही तितकीच उपयोगाची आहेत, फक्त किल्ली हवी.

३२. जीनस बदलला की जातीच्या नावाचं लिंग तपास – हिस्ट्रिकोस्फेरा रॅमोसा होती, स्पिनिफेरायटिस रॅमोसस झाला. इतकी बारकी चूक परीक्षकाला सगळ्यात आधी दिसते आणि मग तो बाकीच्याही शोधायला बसतो.

३३. खात्री नसेल तर ‘cf.’ साठी जे चिन्ह तुमच्या मासिकात चालतं ते लाव, प्रश्नचिन्ह लाव, ‘जात अ’ म्हण – शंका लिहून ठेवणाऱ्याचं कधी हसं होत नाही, लपवणाऱ्याचं होतं.

३४. नवीन जात करायचीच असेल तर शेजारच्या जातींपेक्षा ती कशी वेगळी, हे आधी दोन ओळींत लिहून बघ – त्या दोन ओळी जमल्या नाहीत तर जात अजून पिकलेली नाही.

३५. होलोटाइप म्हणून सगळ्यात देखणी सिस्ट निवडू नकोस, जिच्यात दार आणि प्लेट्स दिसतात ती निवड – नाव कायमचं त्या एका सिस्टला बांधलेलं असतं, आणि जीवाश्म जातीचा टाइप ही वस्तूच असावी लागते, नुसतं चित्र चालत नाही.

३६. तिची जागा इंग्लंड फाइंडरच्या काचेवरून नोंदव – मायक्रोस्कोपच्या पट्टीवरचे आकडे त्या मायक्रोस्कोपपुरतेच खरे; तो निकामी झाला की तुझी सिस्ट हजारो कणांच्या गर्दीत कायमची हरवली.

३७. काचेच्या कडा नीट बंद कर आणि टाइप स्लाइड संस्थेच्या संग्रहात जमा कर, तुझ्या खणात नको – संग्रहाचं नाव देणं नियमानेच लागतं, आणि तुझा खण तुझ्यामागे कोण उघडणार?

३८. नामसंहिता एकदा तरी मुळातून वाच; आपल्याला शैवाल, बुरशी आणि वनस्पतींची लागू होते – होलोटाइप १९५८ पासून सक्तीचा, जीवाश्मासाठी चित्र त्याही आधी १९१२ पासून, आणि १९९६ पासून वर्णन किंवा डायग्नोसिस लॅटिन किंवा इंग्रजीत. मराठीत लिहिलेलं चालत नाही, मला कितीही वाईट वाटलं तरी.

३९. प्रबंधात नवं नाव घालू नकोस, ‘जात १’ एवढंच लिही – प्रबंधातलं नाव नियमाप्रमाणे बहुतेक वेळा प्रसिद्ध धरलं जात नाही, पण झेरॉक्समधून गावभर फिरतं आणि मग त्याचे धनी कोण यावर वाद होतात.

४०. जिवंत पेशीचं नाव आणि सिस्टचं नाव वेगळं असलं तर गोंधळू नकोस, दोन्ही चालतात – १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वूड्स होलला डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या गाळातल्या सिस्ट उबवल्या, तेव्हा स्पिनिफेरायटिसमधून गोनिऑलॅक्स बाहेर आला. आणि एकाच गोनिऑलॅक्स स्पिनिफेराच्या नावाखाली सिस्ट मात्र निरनिराळ्या निघाल्या. एकाच नावात सगळं कोंबलं तर खडकातली माहिती पुसली जाईल.

जमलं तर गोव्याला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जाऊन ये. तिथले लोक आपल्याच किनाऱ्याच्या आजच्या गाळातल्या सिस्ट बघतात. आत पेशी भरलेली सिस्ट एकदा पाहिलीस की रिकामं टरफल नुसतं चित्र राहत नाही.

आणि तज्ज्ञांचं पटत नाही म्हणून घाबरू नकोस. २०१५ मध्ये ग्रॅहम विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वेट्झेलिएला घराण्याची दाराच्या आकारावरून नव्याने मांडणी केली आणि जीनस पुष्कळ वाढले. युरोपातल्या दुसऱ्या गटाने लगेच छापील हरकत घेतली. मी इतका वेळ दाराचं गुणगान गायलं, तरी इथे माझं मन थोडं हरकतवाल्यांकडे झुकतं: दार महत्त्वाचं, पण त्याच्या कडेचा प्रत्येक बारीक फरक जीनस व्हावा इतका नाही. तू दोन्ही लेख वाच, तुझ्या स्लाइड्स बघ, आणि आत्याचं ऐकू नकोस.

वय सांगताना

४१. थरातली प्रत्येक सिस्ट त्याच थराची आहे असं धरू नकोस – जुना खडक झिजून त्यातल्या सिस्ट नव्या गाळात येतात. इओसीनमध्ये डायनोजिम्नियम दिसला तर तो क्रेटेशियसमधून वाहून आलेला आहे, त्याच्यावरून वय काढू नकोस.

४२. संशय आला की फ्लुओरेसन्समध्ये बघ – जुनी आणि नवी भिंत बरेचदा वेगळ्या रंगाने उजळते.

४३. तेलविहिरीचं कटिंग असेल तर जातीचा वरचा शेवट धर, खालची सुरुवात नाही – भोकाच्या भिंतीवरून वरचा माल खाली ढासळत राहतो, म्हणून खाली दिसलेली सिस्ट खालचीच असेल याची हमी कुणी देत नाही.

४४. एका जातीवर वय सांगू नकोस, सोबत्यांची साक्ष काढ, जमल्यास फोरॅमिनिफेरा आणि नॅनोफॉसिलवाल्यांनाही विचार – त्यांना सिस्टबद्दल कुणी विचारत नाही, ते खुशीने सांगतात.

आता लाग कामाला. पहिल्या दहा सिस्टची वर्णनं आणि त्यांची तीन फोकसची चित्रं मला टपालाने पाठव, नावं न लिहिता. नावं मी ओळखून दाखवते. ओळखता आली नाहीत तर वर्णन पुन्हा लिहायचं.